कोठीची ‘कोटी’ आणि कायमचे बंद

गेल्या महिन्यातल्या रविवार-फेरीला आम्ही चौदा जण येणार होतो. आदल्या रात्री सगळ्यांना मोबाइलवर ‘लोकेशन’ पाठवले होते, म्हणून कुणी पत्ता विचारला नाही. सकाळी सात वाजता सुलतान बाजारातल्या ठरलेल्या कोपऱ्यावर नऊ जण हजर होते. तीन जण अर्ध्या तासाने आले. राहिलेले दोघे मूसी ओलांडून दारुलशिफाच्या बाजूला एका बंद दुकानासमोर उभे राहून फोन करत होते, ‘आम्ही तर पोचलो, तुम्ही कुठे आहात?’ दोघेही याच शहरात जन्मलेले, एकाचे वय अडुसष्ट! शेवटी त्यांना रिक्षावाल्याने आणून सोडले. त्याने म्हणे पहिल्यांदा एवढेच सांगितले, ‘‘चच्चा, फोन जेब में रखो. किसके बाजू में उतरना है, वो बोलो.’’

आम्ही सगळे हसलो. पण फेरी संपल्यावर चहाला बसलो तेव्हा आमच्या वाचनालयाची जुनी गोष्ट निघाली आणि हसू थांबले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. काही वर्षांपूर्वी नांदेडच्या बाजूचे एक गृहस्थ वडिलांच्या कागदांची तीन बंडले घेऊन काचीगुड्याला उतरले. वडील निजामाच्या अमदानीत महसूल खात्यात कारकून होते. कागद काही मोडीत, काही उर्दूत, थोडे मराठीत. आपल्याकडच्या वाचनालयात ते द्यावेत असे त्यांच्या मनात होते. स्टेशनबाहेर येऊन त्यांनी फोनवर वाचनालय शोधले. नकाशाने जागा बरोबर दाखवली, पण नावाखाली लाल अक्षरांत लिहिले होते, ‘कायमचे बंद’. कुणी लिहिले, कधी लिहिले, देव जाणे. वाचनालय त्या दिवशी उघडे होते. नेहमीची चार माणसे नेहमीची वर्तमानपत्रे वाचत बसली होती. गृहस्थ दुपारच्या गाडीने परत गेले. दीड वर्षाने एका लग्नात आमच्या सभासदाशी त्यांची गाठ पडली आणि हा प्रकार कळला. तोवर मधल्या पावसाळ्यात घर गळले होते. तीनपैकी एक बंडल आमच्याकडे आले. उरलेल्या दोन बंडलांत काय होते हे त्यांनाही नीटसे सांगता आले नाही, कारण मोडी त्यांना वाचता येत नव्हती.

त्या दिवसापासून ‘नकाशातली चूक’ हा विषय माझ्या डोक्यात बसला आहे. आणि हैदराबादेत बसून त्याचा विचार करायचा तर दोनशे वर्षे मागे जावेच लागते, कारण हिंदुस्थानच्या नकाशाचे पुष्कळसे काम आपल्या या मुलुखातून झाले.

विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पहिली आधाररेषा मोजली. साधन काय, तर शंभर फुटांची पोलादी साखळी. ऊन वाढले की पोलाद लांबते, म्हणून साखळीबरोबर तापमापके ठेवायची आणि प्रत्येक मोजणीत तापमानाचा हिशेब धरायचा. एक रेषा अशी हाताने मोजली की पुढे सगळे कोन. टेकडीवरून टेकडी, देवळाच्या शिखरावरून किल्ल्याचा बुरूज, असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचे. कोन मोजायचे यंत्र, म्हणजे मोठा थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचा. १८०८ मध्ये तंजावरला, सरफोजी राजांच्या काळात, तो मोठ्या देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटले. लॅम्बटनने तंबूत स्वतःला कोंडून घेतले आणि कित्येक आठवडे खपून वाकलेले चक्र सरळ केले.

ही त्रिकोणांची माळ उत्तरेकडे सरकत आली, १८१५ साली बिदरच्या बाजूला आणखी एक आधाररेषा मोजली गेली आणि हैदराबाद हे त्या पथकाचे ठाणे झाले. १८१८ पासून कामाला ‘ग्रेट ट्रिगॉनोमेट्रिकल सर्व्हे’ असे नाव मिळाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक तरुण मदतनीस इथे येऊन लॅम्बटनला मिळाला, जॉर्ज एव्हरेस्ट. पुढे ज्याचे नाव शिखराला लागले तोच. कृष्णा आणि गोदावरीच्या मधल्या जंगलात पहिल्याच मोहिमेत तो तापाने असा आजारी पडला की हवापालटासाठी त्याला आफ्रिकेच्या टोकापर्यंत जावे लागले. लॅम्बटन मात्र म्हातारपणीही थांबला नाही. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तंबूतच त्याने प्राण सोडला. त्याची कबर तिथेच आहे. वर्ध्याला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जण ती पाहायला थांबतात, हे विचारत नाही. मीही साठीनंतरच गेलो.

हे सगळे सांगायचे कारण लॅम्बटनचे शौर्य नव्हे. त्या माणसांचा चुकीशी जो व्यवहार होता, तो मला सांगायचा आहे. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज किती यायला हवी हे आधी माहीत असते. पृथ्वी गोल असल्यामुळे १८० अंशांपेक्षा किंचित जास्त, पण किती जास्त तेही गणिताने काढता येते. प्रत्यक्षात जी आली तिच्यातली तफावत वहीत लिहायची. शे-दोनशे मैल गेल्यावर पुन्हा एक रेषा साखळीने मोजायची आणि गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहायची. चूक होणारच, हे गृहीत धरूनच पद्धत बांधलेली होती.

अशाच एका लिहून ठेवलेल्या तफावतीने केवढे काम केले पाहा. सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि उत्तरेला मुजफ्फरनगरजवळचे कलियाना या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतला फरक आकाशातल्या ताऱ्यांवरून मोजला तर एक यायचा आणि जमिनीवरच्या त्रिकोणांवरून काढला तर दुसरा. तफावत सव्वापाच विकलांची, म्हणजे जमिनीवर साधारण एकशे साठ मीटर. दुसऱ्या कुणी म्हटले असते, जाऊ द्या. पण कलकत्त्याचे पाद्री प्रॅट यांनी हिमालय ओळंब्याला आपल्याकडे किती ओढेल याचे गणित मांडले. पर्वताच्या आकारावरून यायला हवे होते त्यापेक्षा ओढ कमी निघाली. त्यावरून १८५५ मध्ये एअरी यांनी आणि १८५९ मध्ये प्रॅट यांनी पर्वताच्या खाली काय असावे याचे दोन वेगळे सिद्धांत मांडले. पर्वतांना खाली मुळे असतात, ही कल्पना तिथून आली. एकशे साठ मीटरची चूक कुणी खोडली नाही म्हणून!

आणि एक मोठी चूक तर शतकभर तशीच राहिली. हिंदुस्थानातले सगळे रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून धरलेले होते आणि त्या वेधशाळेचा स्वतःचाच रेखांश सुमारे अडीच कलांनी चुकला होता. तारायंत्राने वेळ ताडून पाहता येऊ लागली तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पक्के झाले. आपल्या अक्षांशावर अडीच कला म्हणजे चार किलोमीटरहून जास्त. म्हणजे आपले पणजोबा जे नकाशे पाहत होते त्यांत चारमिनार, गोवळकोंडा, बेगम बाजार सगळेच जगाच्या हिशेबात चार किलोमीटर सरकलेले होते. पण कुणी रस्ता चुकला का? नाही. सगळे एकसाथ सरकलेले होते. चारमिनारपासून गोवळकोंडा जेवढा दूर तेवढाच राहिला. आजची चूक अशी एकजुटीने सरकत नाही. रस्ता जागेवर असतो, देऊळ जागेवर असते, आणि मधले एकच वाचनालय बंद होते.

आता फोनकडे येऊ. फोन चुकतो म्हणजे नक्की कोण चुकते, हे वेगळे करायला हवे. आमच्या मंडळात याची नेहमी सरमिसळ होते.

आकाशातला भाग बहुतेक वेळा निर्दोष असतो. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह वेळ सांगत असतात आणि निदान चार उपग्रहांकडून आलेल्या वेळांवरून फोन आपली जागा काढतो. प्रकाश एका मायक्रोसेकंदात तीनशे मीटर जातो, तेव्हा घड्याळ किती काटेकोर हवे ते लक्षात घ्या. वर गुरुत्वाकर्षण कमी आणि वेग जास्त, या दोन्हीचा हिशेब करून उपग्रहाचे घड्याळ आपल्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. आइन्स्टाइनच्या गणिताने ते दुरुस्त केले नाही तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरचा घोळ होईल. २ मे २००० पर्यंत तर अमेरिका नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम गडबड मिसळत असे आणि शंभर मीटरपर्यंत चूक सहज यायची. ती बंद झाली म्हणून गाडीत नकाशा वापरणे शक्य झाले. आज मोकळ्या मैदानात साधा फोन पाचेक मीटरपर्यंत बरोबर सांगतो.

पण बेगम बाजारातल्या गल्लीत मैदान कुठले? दोन्ही बाजूंना तीन मजले, वर तारांचे जाळे आणि ताडपत्री. संदेश भिंतीवर आपटून येतो, जास्त वाट चालून येतो, आणि फोनला वाटते आपण पलीकडच्या गल्लीत आहोत. निळ्या ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ दिसते ना, तीच त्याची कबुली आहे: ‘मी या वर्तुळात कुठेतरी आहे.’ लॅम्बटनच्या वहीतल्या तफावतीचा तो वंशज. फक्त ते वर्तुळ कुणी पाहत नाही, ठिपका पाहतात.

मेहदीपट्टणमहून आरामघरकडे जाणारा उंच रस्ता घ्या. २००९ साली सुरू झाला, साडेअकरा किलोमीटर लांब, पी. व्ही. नरसिंह रावांच्या नावाचा. (हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारे तेच नरसिंह राव, हे आपल्याकडे तरी सांगायला नको.) वरचा रस्ता आणि खालचा रस्ता वरून पाहिले तर एकच रेघ. गाडी वरून धावत असते आणि फोनमधली बाई सांगते, ‘आता डावीकडे वळा.’ डावीकडे कठडा! याच्यावर लोकांनी स्वतःच उपाय काढला. त्या पुलाच्या खांबांना आकडे आहेत आणि खालच्या दुकानांचे, दवाखान्यांचे, मंगल कार्यालयांचे पत्ते आता ‘पिलर नंबर अमुक’ असे छापले जातात. खांब हलत नाही, नाव बदलत नाही.

उपग्रहांचे आणि कागदी नकाशांचे जमत नाही याला आणखी एक कारण आहे, ते जुने नकाशे जमवणाऱ्या सभासदांनी नीट वाचावे. आपले जुने टोपोशीट, हैदराबादचे ५६-के वगैरे, एव्हरेस्टने १८३० साली ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर आणि कल्याणपूरच्या मूळबिंदूवर बांधलेले आहेत. उपग्रहांची पृथ्वी वेगळी. तिची विषुववृत्तावरची त्रिज्या एव्हरेस्टच्या पृथ्वीपेक्षा ८६१ मीटरने मोठी आहे आणि दोघींचे मध्यही एका जागी नाहीत. त्यामुळे जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे फोनमध्ये घातले तर हैदराबादेत शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. मागे आपल्या एका तरुण सभासदाने एक जुनी बावडी ‘हरवली’ म्हणून जाहीर केले होते. बावडी होती तिथेच होती, आपण दोन पृथ्व्यांची गल्लत केली होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापराचे नवे शीट उपग्रहांच्याच पृथ्वीवर काढले जातात. म्हणून शीटच्या कडेचा मजकूर आधी वाचायचा, मग आकडे घ्यायचे.

इथपर्यंतच्या चुका मोजता येतात. नावांच्या चुकीला माप नाही, आणि आपले खरे नुकसान तिथे होते.

फोनमधली मराठी बाई सांगते, ‘कोटीला उजवीकडे वळा.’ कोटी म्हणजे शंभर लाख? मूळ शब्द कोठी. इंग्रज रेसिडेंटची कोठी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी किर्कपॅट्रिकने बांधलेली. तेलुगू मुलुखात इंग्रजी अक्षरांत लिहिताना ‘टीएच’ म्हणजे ‘त’, म्हणून ‘ठ’ला नुसता ‘टी’ लावायची रीत आहे. ती पाटी यंत्राने वाचली, तिचे पुन्हा मराठी केले आणि ‘कोठी’चा ‘ह’ वाटेत गळाला. याच मार्गाने गवळीगुड्याचा ‘ळ’ गेला. बरे, त्या कोठीचे तरी नाव एक आहे का? रेसिडेन्सी, मग विमेन्स कॉलेज, मग महिला विद्यापीठ, आणि २०२४ पासून चाकलि ऐलम्मा यांचे नाव. वेगवेगळ्या नकाशांवर वेगवेगळ्या काळातली नावे लटकलेली असतात. कुठले कधीचे हे कुठेच लिहिलेले नसते. भोवतालचा बाजार १९३३ पर्यंत रेसिडेंटच्या अमलाखाली होता, कचेरी वेगळी, पोलीस वेगळे. तो निजामाकडे परत आला तेव्हा रेसिडेन्सी बाजारचा सुलतान बाजार झाला. आपल्या जुन्या पत्रव्यवहारात ‘रे. बाजार’ असे दिसते ते हेच, आणि पत्राचा काळ ठरवायला त्या दोन अक्षरांचा किती उपयोग होतो ते कागद हाताळणाऱ्यांना माहीत आहे.

आता कुणी म्हणेल, नावे तर लोकही बिघडवतात. बिघडवतात की! मूसाराम बागेत कुणी मूसा नव्हता आणि रामही नव्हता. निजामाच्या फौजेतला फ्रेंच सेनापती रेमाँ, ‘मस्यू रेमाँ’, १७९८ साली वारला. मुसलमानांनी त्याचा मूसा केला, हिंदूंनी राम, असे इथले लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. लकडी का पूल इथे आज लाकडाची फळीसुद्धा नाही. आणि नया पूल एकोणिसाव्या शतकातला. पण ह्या बिघाडाला शंभर-दोनशे वर्षे लागली, हजारो तोंडांतून तो गेला, आणि मूळ गोष्ट नावाच्या पोटात शिल्लक राहिली. मूसाराम म्हटले की कुणीतरी रेमाँ सांगतोच. फोनवरचे नाव एका दुपारी एक माणूस बदलतो. तो गल्लीत नवीन राहायला आलेला असेल, किंवा त्याला आपल्या दुकानाचे नाव गल्लीला द्यायचे असेल. दुसरा कुणी ‘बरोबर’ म्हणतो की झाले. आमच्या ओळखीच्या एका गल्लीचे जुने नाव असेच गेले. आता सामान पोचवणारी पोरे दुकानाच्या नावानेच गल्ली ओळखतात आणि गल्लीतल्या नव्या भाडेकरूंच्या कागदपत्रांत तेच नाव चढू लागले आहे.

घरांच्या नंबरांचे तर विचारूच नका. पहिला आकडा वॉर्डचा, दुसरा ब्लॉकचा, तिसरा घराचा, मग वाटण्या झाल्या तशा तिरप्या रेघा आणि ए, बी, सी. तीन भावांनी एका वाड्याचे तुकडे केले हे नंबरावरून कळते, पण वाडा कुठे आहे हे कळत नाही. यंत्र बिचारे गोंधळते त्यात त्याचा दोष नाही.

१९०८ च्या २८ सप्टेंबरला मूसीने शहर बुडवले. त्यानंतरच्या वर्षांत लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली शहराची तपशीलवार पाहणी झाली आणि शेकडो पत्र्यांचा नकाशा निघाला. त्यांच्या प्रती आता संगणकावरही पाहता येतात. त्यात घर न् घर, विहिरी, देवळे, मशिदी, कुंपणे आहेत. हातात फीत घेऊन माणसे त्या गल्ल्यांतून हिंडली होती. आम्ही गेल्या महिन्यापासून तेच करतो आहोत, फक्त उलट्या बाजूने. मनचा पत्रा, फोनचा नकाशा आणि गल्लीतले सर्वांत म्हातारे माणूस, तिघांना एकत्र बसवायचे. तिघांचे पटले तर वहीत एक खूण. नाही पटले तर तिघांचीही साक्ष लिहायची, खोडायचे काही नाही.

पहिल्या फेरीत इसामिया बाजार ते बडी चावडी एवढाच टापू झाला. एका आजींनी दारातूनच विचारले, ‘‘अहो, तुम्ही मोजणीवाले का? घर पाडणार का काय?’’ त्यांची समजूत पटवायला वीस मिनिटे गेली, पण मग त्यांनी चार विहिरींची नावे सांगितली, त्यातल्या दोन मनच्या पत्र्यावर आहेत आणि फोनवर एकही नाही.

वाचनालयाचा ‘कायमचे बंद’ हा शेरा आम्ही तीनदा कळवून काढला. एकदा तो परतही आला होता. आता दर पहिल्या तारखेला ग्रंथपाल कपाट उघडायच्या आधी फोन उघडून पाहतात, आज आपण चालू आहोत की बंद. ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांना विनंती, की नकाशावर काहीही दिसले तरी आधी फोन करावा, आणि न लागल्यास सरळ यावे. सकाळी नऊ ते बारा कुणीतरी असतेच.

पुढची फेरी येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, अफजलगंज आणि नदीकाठ. या वेळी लोकेशन पाठवणार नाही. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातले चिंचेचे झाड, ज्याच्यावर चढून पुरात दीडशेच्या आसपास माणसे वाचली, त्याच्याखाली सात वाजता भेटू. कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा.